वेळेचा रकाना

डिटेक्टर क्र. १७ । निकाल: चालू । शेरा: —

"वाजला?" खालून रविराजने विचारलं.

"वाजला!" आम्रपाली वरून ओरडली.

"नीट बघा की ताई. चटकन वाजला का अडखळत?"

"अठराव्या सेकंदाला. आता काय त्याने नाचून दाखवायचं?"

खाली कुणी हसलं नाही. एरवी आम्रपालीच्या असल्या बोलण्यावर शेडमधली माणसं हसत. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांचे वॉचमन तिला ओळखत. ती गेटवर दिसली की "आली धूरवाली" म्हणत आणि रजिस्टर पुढे सरकवत. एक्कावन्न वर्षांची, अंगाने काटक, डोक्यावर पिवळं हेल्मेट, कमरेला पट्टा, आणि आठ वर्षं छताकडे बघून बघून मानेला पडलेली एक कायमची वरची ठेवण. छताला चिकटलेल्या त्या पांढऱ्या बशीकडे, म्हणजे धूर हुंगणाऱ्या डिटेक्टरकडे, माणूस कामाला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत एकदाही मान वर करून बघत नाही. ती बशी जिवंत आहे की नाही, हे बघणं आम्रपालीचं काम. धुराचा स्प्रे बशीच्या नाकाशी न्यायचा, दाबायचा, सेकंद मोजायचे. लाल दिवा लागला आणि गेटवरच्या पॅनेलवर घंटा झाली की कागदावर 'चालू'.

डिटेक्टर वाजला की गिऱ्हाईक खूश होतं. आज वाजला आणि रविराजचं तोंड उतरलं.

कारण बारा दिवसांपूर्वी तो वाजला नव्हता.

बारा दिवसांपूर्वी याच शेडमध्ये, गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग खोक्यांत भरायच्या विभागात, फोर्कलिफ्टच्या बॅटरीच्या चार्जरमागे रचलेली खोकी धुमसायला लागली. ज्वाळा नाही, नुसता धूर. बरोबर वर, अकरा मीटरवर, सतरा नंबरचा डिटेक्टर. तो गप्प. खोकी भरणाऱ्या रंभाने बघितलं, ती ओरडली, लोक धावले, दोन सिलिंडर रिकामे करून धुमसणं विझवलं. कुणाला काही झालं नाही. पण ज्या मोठ्या कंपनीला हा माल जायचा, तिने विचारलं, घंटा का वाजली नाही? लेखी उत्तर आज पाचच्या आत. तोवर विभाग बंद आणि खोकी भरणाऱ्या तेवीस बायका घरी.

आम्रपालीला वर नेणारी लिफ्ट कुरकुरत खाली आली. रविराज इथला मेंटेनन्सचा माणूस, चौतिशीचा. शेड उभी आहे ती जमीन त्याच्या चुलत्यांची. लहानपणी इथेच त्याने कांद्याला पाणी धरलेलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

"ताई, मी सरळच बोलतो. डिटेक्टर खराब होता, एवढंच लिहायचं हाय. चाळीसच्या चाळीस बदलू. तुमचा मालक खूश, आमचा साहेब खूश, उद्या लाइन चालू. कुणाचं काय जातंय?"

"डिटेक्टरचं जातं," आम्रपाली म्हणाली.

"आवो, त्याला काय जीव हाय?"

तिने कमरेचा पट्टा सोडला. काढून आणलेला सतरा नंबर टेबलावर ठेवला आणि खिशातला छोटा पेचकस काढला.

डिटेक्टर क्र. १७, उघडून । निकाल: आत दोष नाही । शेरा: जांभळा ठिपका

आत असतं काय? एक काळी डबी. डबीत एका बाजूने उजेडाचा किरण सोडलेला, दुसऱ्या बाजूला तो दिसू नये अशा बेताने बसवलेला एक डोळा. डबीत धूर शिरला की किरण विखुरतो, डोळ्याला दिसतो, आणि डोळा बोंब मारतो. एवढंच. आग म्हणजे काय, हे त्याला माहीत नाही. आपल्या पोटात काय आलं तेवढं त्याला कळतं.

आम्रपालीला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. हे काम धरण्याआधी सतरा वर्षं आकुर्डीतल्या एका गाळ्यात ती याच डिटेक्टरचे सर्किट बोर्ड सोल्डरचे डाग देऊन जोडायची. बारा बायका, बारा टेबलं, प्रत्येकीच्या डोक्यावर एक ट्यूबलाइट. त्यांची म्होरकी केसरबाई. नववीत शाळा सुटलेली, पण डाग असा द्यायची की भिंगातून बघणारा इंजिनिअर भिंग खाली ठेवायचा.

बोर्ड झाला की प्रत्येकीने कोपऱ्यात नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, हा केसरबाईचा नियम. आम्रपालीचा तपकिरी. केसरबाईचा जांभळा.

"किती छान दिसतो," पहिल्या आठवड्यात आम्रपाली म्हणाली होती.

"छान दिसायला नाही दिलेला, बये. बोर्ड बिघडून परत आला तर शिव्या बरोबर पत्त्यावर जाव्यात म्हणून दिलाय."

आणि परत आलेल्या बोर्डांचा ट्रे आला की केसरबाई उठून आधी स्वतःचा जांभळा ठिपका शोधायची. सापडला तर साहेबाने विचारायच्या आत हात वर करायची. सापडला नाही तर परत जागेवर. चेहऱ्यावर काही नाही.

गाळा आठ वर्षांपूर्वी बंद झाला. आता तिथे केकचं दुकान आहे. केसरबाई चार वर्षांपूर्वी पिंपळे गुरवला लेकीच्या घरी वारली. साधा ताप, मग निमोनिया.

सतरा नंबरच्या बोर्डावर कोपऱ्यात जांभळा ठिपका होता. आठ वर्षं धूळ खाऊनही जांभळाच.

आम्रपालीने भिंग लावलं. एकेक डाग तपासला. किरण ठीक, डोळा ठीक, जाळी साफ. डबीतली धूळ तिनेच मागच्या वर्षी काढलेली.

फोन वाजला. तिच्या फर्मचे मालक, रोहिदास सर.

"उघडलात का?"

"उघडला. काही नाही, सर."

"आम्रपालीताई, आता उघडलाच आहे तर आत काहीतरी सापडू द्या की. त्या गाळ्यातल्या बायांच्या हातचा जुना माल. कुणाला खोटं वाटणार नाही."

तिने बोर्डाकडे बघितलं. "त्या बायांमध्ये मी पण होते, सर."

"तसं नाही हो म्हणायचं मला."

"मला माहीत आहे कसं म्हणायचंय ते. पाचपर्यंत कागद देते."

साक्ष: रंभा, खोकी भरणारी । निकाल: — । शेरा: "धूर वर गेलाच न्हाई"

जबाबावर सही करायला रविराजने रंभाला बोलावलं होतं. बीडकडची, चाळिशीची, मोईला खोली करून राहणारी. आली ती भांडायच्या तयारीतच.

"ताई, तुमीच का त्या? लिहून टाका की मशीन खराब व्हतं म्हणून. बारा दिस झाले आमी घरी बसलोत. ठेकेदार म्हनतो, लाइन न्हाई तर हजरी न्हाई."

"लिहीन. आधी मला सांग, तू काय बघितलंस? घाई करू नकोस."

"काय बघायचं? धूर."

"कुठे?"

रंभाने मान वर केली आणि हात आडवा धरला. "त्या पिवळ्या क्रेनच्या दांडीच्या जरा वर. म्हंजी पत्र्याच्या लय खाली. खालनं आला सरळ आन् तिथं थांबला. दांडीवर चादर वाळत घालावी तसा पसरला. मी म्हनलं, हे काय झालं बाई, धूर वर का जाईना? वर गेलाच न्हाई तो."

रविराज हसला. "मावशी, धूर वर जात न्हाई तर काय खाली येतो?"

"मी डोळ्यानं बघितलंय. तुमी हापिसात व्हता."

आम्रपाली हसली नाही. तिने एकच प्रश्न विचारला.

"किती वाजता, रंभा?"

"दुपारच्या चहाच्या आदुगर. पावणेतीन आसतील."

आम्रपालीने बॅगेतून फाइल काढली. या शेडची सहा वर्षांची सहा तपासणीपत्रं. चाळीस ओळी, चाळीस 'चालू', खाली तिची सही. डिटेक्टर क्रमांक, निकाल, शेरा. तीन रकाने. तपासणी किती वाजता केली, ते लिहायला जागाच नव्हती. पण तिला पाठ होतं. सहाही वेळा सकाळी आठ ते अकरा. अकरानंतर ट्रक लागायचे, लिफ्ट फिरवायला जागा राहायची नाही. आणि खरं सांगायचं तर, बारानंतर पत्र्याखाली उभं राहवत नसे. या पट्ट्यातला प्रत्येक तपासणारा शेड सकाळीच उरकतो. त्यात काही चूक आहे असं कधी कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

केसरबाई एकदा स्प्रेच्या डब्याला हसली होती. "नाकाशी तपकीर धरली तर कुणीही शिंकेल गं. तपकीर नाकापर्यंत पोचते का, ते कोण बघणार?"

"रविराजभाऊ," आम्रपाली म्हणाली, "मला दुपारी अडीचला लिफ्ट पाहिजे. आणि एक लोखंडी घमेलं."

"अडीचला? ताई, वर भाजून निघाल तुम्ही. पाचला कागद द्यायचाय!"

"म्हणून तर अडीच म्हणते."

धुराची गोळी, जमिनीवरून । वेळ: सकाळी १०:५० । निकाल: दुसऱ्या मिनिटाला घंटा

वेळ हा शब्द तिने त्या दिवशी पहिल्यांदा लिहिला. शेऱ्याच्या रकान्यात पट्टीने उभी रेघ मारली आणि त्याचे दोन केले.

आधी काढलेल्या सतराच्या जागी तिने तसाच एक बसवला. पॅनेल तपासणीवर टाकलं, सगळ्यांना सांगून ठेवलं, घमेल्यात धुराची गोळी पेटवून चार्जरच्या जागी ठेवली. करडा धूर सुतासारखा वर गेला, पत्र्याला टेकला, पसरला. घंटा.

"झालं," रविराज म्हणाला. "म्हंजी धूर पोचतो. म्हंजी जुनाच खराब होता."

"दुपार होऊ दे."

धुराची गोळी, त्याच जागी । वेळ: दुपारी २:४० । निकाल:

चैत्र संपत आला होता. वरचा पत्रा पाण्याचा थेंब पडला तर चरचरेल असा तापलेला. मधूनमधून तडतडत होता. तीच गोळी, तेच घमेलं, तीच जागा.

धूर उठला. सरळ वर निघाला. क्रेनच्या पिवळ्या दांडीपर्यंत गेला, तिथून आणखी हातभर वर, आणि थांबला.

रंभाने 'बघा' म्हटलं नाही. नुसती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

धूर आडवा पसरायला लागला. सपाट, पातळ, या भिंतीपासून त्या भिंतीकडे. एक मिनिट. दोन. चार. घंटा नाही.

"आयला," रविराज म्हणाला.

आम्रपालीने तोंडाला मास्क लावला, पट्टा अडकवला आणि लिफ्टचं बटण दाबलं. चार मीटर. सहा. सातला हेल्मेट धुरात शिरलं, मग डोळे, मग सगळी ती. क्षणभर काहीच दिसेना. आणि मग डोकं बाहेर आलं. लिफ्ट पत्र्याजवळ जाऊन थांबली.

वर हवा स्वच्छ होती.

असं तिने आयुष्यात बघितलं नव्हतं. पायांखाली धुराचा पसारा, विहिरीतल्या पाण्यासारखा संथ. वर तव्यासारखा पत्रा. मध्ये कोरडी, कडक, भट्टीतली हवा. तिने पट्ट्याला लटकवलेलं मीटर बघितलं. त्रेपन्न अंश. आणि तिच्या हाताच्या अंतरावर डिटेक्टर, दर काही सेकंदांनी दिवा मिचकावत, सगळं ठीक आहे म्हणून सांगत. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्यापुरतं सगळं ठीकच होतं. पत्र्याखाली साचलेली तापलेली हवा झाकणासारखी बसली होती आणि खालचा कोमट धूर तिला भेदू शकत नव्हता. मोठी आग लागली असती तर धूर झाकण फोडून वर आला असता. पण तोवर घंटा वाजून कुणाला सांगणार होती?

सकाळी शहाणा, रात्री शहाणा, पावसाळ्यात शहाणा. उन्हाळ्याच्या दुपारी मात्र चाळीसच्या चाळीस डिटेक्टर धुराच्या वर बसलेले. आणि खाली तेवीस बायका. आणि सहा कागदांवर तिची सही.

घामाने हातमोजे ओले झाले. ती तिथे गरजेपेक्षा मिनिटभर जास्त थांबली. मग खाली आली, हेल्मेट काढलं आणि रविराजला म्हणाली, "तू पण जाऊन बघ."

तो गेला. खाली आला तेव्हा केस कपाळाला चिकटलेले. त्याने बाहीने तोंड पुसलं. मग एवढंच म्हणाला, "आमच्या शेतात जानेवारीत सकाळी धूर असाच बसायचा, ताई. मी बघितलेलाय. पण इथं... इथं कसं डोक्यात आलं न्हाई?"

"माझ्या नाही आलं सहा वर्षं," आम्रपाली म्हणाली. "तुझ्या कुठून येणार?"

अहवाल । वेळ: दुपारी ४:१५ । शेरा: खालीलप्रमाणे

रोहिदास सरांचा आवाज आधी समजुतीचा होता.

"ताई, नवे डिटेक्टर बसवले की मामला मिटला. तुम्ही म्हणता ते खरं असेल, मी नाही म्हणत नाही."

"नवे पण तिथेच बसणार, सर. नवे पण दुपारी गप्प बसणार. आणि नवे आहेत म्हणून कुणी वर बघणार पण नाही."

"मग काय पाहिजे?"

"मधल्या उंचीवर, धूर जिथे थांबतो तिथे, या भिंतीवरून त्या भिंतीवर किरण सोडणारे. आडवे. वरचे राहू द्या, ते बाकीच्या वेळी कामाचे आहेत."

"त्याला दोन महिने लागतील. आणि कागदावर कारण काय लिहिणार?"

"जे आहे ते."

"म्हणजे सहा वर्षं तुम्ही पास करत होता, ते चुकीचं?"

"हो."

"तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिताय, कळतंय ना? उद्या ते म्हणतील ही बाई नको. मी काय करू मग?"

"ते तुम्ही ठरवा, सर. मला पाचला द्यायचाय."

तिने लिहिलं. अक्षर मोठं, रेघ सोडून. डिटेक्टर सतरा निर्दोष. धूर त्याच्यापर्यंत पोचत नाही; उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच. मागच्या सहा तपासण्या सकाळी केल्या गेल्या, त्यामुळे हे लक्षात आलं नाही. चूक तपासणाऱ्याची.

सही केली. मग पर्सच्या तळातून एक छोटी बाटली काढली. तपकिरी, घट्ट झालेली, झाकण दाताने उघडावं लागलं. सहीच्या शेजारी एक ठिपका.

"हे काय?" रविराजने विचारलं.

"पत्ता."

रंभा अजून दारात उभी होती. तिला कागदाशी देणंघेणं नव्हतं. "म्हंजी आमी आजून दोन म्हयने घरी?"

आम्रपालीने पेनाचं टोपण लावलेलं परत काढलं. खाली आणखी तीन ओळी लिहिल्या. मधले डिटेक्टर बसेपर्यंत चार्जर शेडबाहेर. विभाग चालू ठेवायचा असेल तर बारा ते पाच एक माणूस फक्त धूर बघायला, हातात शिट्टी, दुसरं कुठलंही काम त्याला द्यायचं नाही, पगार पूर्ण. माणूस असा हवा ज्याला धूर कुठे थांबतो ते ठाऊक आहे.

रविराजने वाचलं, रंभाकडे बघितलं. "मावशी, शिट्टी वाजवता येते का?"

"गावात जत्रंला वाजवायचे. वाजवून दाखवू?"

"नको, नको!"

पण तिने दोन बोटं तोंडात घातलीच. शेडभर आवाज घुमला, ट्रकवाले धावत आले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळे हसले.

नवीन छापील फॉर्म । पहिली प्रत

आधी फोन आला तो त्या मोठ्या कंपनीचा, रोहिदास सरांना. अहवाल उत्तम आहे, आडवे किरण बसवू. मात्र यापुढे तपासणीला दुसरं माणूस पाठवा.

आता आम्रपाली रोहिदास सरांच्या भोसरीच्या दुकानात मागच्या टेबलावर बसते. आयुष्य संपलेले डिटेक्टर येतात, ते उघडते, कामाचं ते काढते. डोक्यावर ट्यूबलाइट आहे. मान खाली घालून बसायची सवय पुन्हा लावावी लागली. पहिले काही आठवडे ती मधेच वर बघायची, दुकानाच्या कमी उंचीच्या छताकडे, आणि परत खाली. उंचावरची ती हवा, क्रेनच्या दांड्या, वरून दिसणारी इवलीइवली हेल्मेटं, यातलं काही आता नाही. दिघीला घरी जायला मात्र वेळेवर सुटका होते.

तिच्या जागी स्वप्नाली जाते. सव्वीस वर्षांची, आयटीआय झालेली, आम्रपालीनेच तयार केलेली. मेच्या एका संध्याकाळी ती दुकानात आली ती चेहरा भाजल्यासारखा लाल करून. पाणी प्यायली, आणखी प्यायली, आणि टेबलावर एक कागद टाकला.

"ताई, मला मारणार तुम्ही एक दिवस. लोक सकाळी करतात, आणि मी अडीचला पत्र्याखाली."

"उलटी झाली का?"

"नाही."

"मग जमेल."

स्वप्नाली तोंड धुवायला गेली. आम्रपालीने कागद बघितला. दुसऱ्या कुठल्यातरी शेडचा, तळेगावच्या बाजूचा. फॉर्म नवा छापलेला होता. डिटेक्टर क्रमांक, निकाल, शेरा, आणि त्यांच्या मध्ये, पट्टीने मारलेली नाही तर छापलेली रेघ: तपासणीची वेळ. खाली स्वप्नालीच्या बारीक अक्षरात, दुपारी २:३५. दुपारी २:४२. दुपारी २:५०. एका ओळीपुढे 'पोचला नाही.'

खाली सही. सही करायच्या जागी आता फक्त स्वप्नालीचं नाव.

पंख्याने कागद उडायला लागला. आम्रपालीने ड्रॉवर उघडून त्यातून एक जुना डिटेक्टर काढला, झाकण नसलेला, अंगावर पुसट झालेला सतरा. तो कागदावर ठेवला, जांभळा ठिपका वरच्या बाजूला येईल असा, आणि पुढचा बोर्ड उघडायला घेतला.